वस्तादांच्या किल्ल्या

४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून हे लिहितोय, नाहीतर शाळा सुटल्यापासून सहीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. रोज लिहायचं: सकाळी कंबर किती आखडते, कधी सुटते, आदल्या दिवशी काय काय उचललं. मी विचारलं, "लिहून काय होणार?" तर म्हणाल्या, "तुझं तुला कळेल." माझं मला कळत असतं तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो? पण ताई शेजारी बसली होती, म्हणून हो म्हटलं.

तर कंबर. काल सकाळी उठलो तेव्हा पाठीच्या खाली कुणीतरी आडवी फळी ठोकून गेल्यासारखं वाटत होतं. मोजा घालायला वाकलो आणि मधेच अडकलो. शेवटी पलंगावर उताणा पडून, पाय वर करून मोजा घातला. नेमकी तेव्हाच ताई चहा घेऊन आली. पुढचं सगळं त्या मोज्यामुळे.

झालं ते शनिवारी, जिममध्ये. डेडलिफ्ट करत होतो. म्हणजे जमिनीवर ठेवलेला वजनाचा बार दोन्ही हातांनी धरायचा आणि ताठ उभं राहायचं, बस. वस्ताद फोनवर बोलत बाहेर गेले, तेवढ्यात मी दोन्ही बाजूंना एकेक प्लेट वाढवली. बार वर आला. पाठीची कमान झाली होती असं टपाल म्हणतो, पण बार आला ना? टपाल म्हणजे पोस्टमन. आमच्या वजनगटात आम्ही दोघंच आहोत, आणि महिनाअखेरीच्या स्पर्धेला जिममधून एकालाच पाठवणार आहेत. तेव्हा टपालच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

बाईंनी पाय उचलून बघितला. मुंग्या येतात का, बधिर होतो का, सगळं विचारलं. नाही म्हटलं. "मग घाबरू नकोस. स्नायू धरलाय. लोळत पडू नको, चालत राहा, शेक घे, आणि वजन काही दिवस बंद." हे शेवटचं त्या माझ्याकडे नाही, ताईकडे बघून बोलल्या. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

५ मार्च

सकाळी तशीच. चालल्यावर सुटली. आज ताईला बजावलं की जिममध्ये यातलं एक अक्षर जाता कामा नये. वस्तादांना कळलं तर स्पर्धेतून नाव गेलंच म्हणून समज. ती म्हणाली, "मी कशाला सांगू? तुझ्या चालण्यावरूनच कळतंय. बदकासारखा चालतोयस."

ही स्पर्धा मला सोडायची नाही. का ते लिहून ठेवतो. छापखाना मी सोडला, मालवाहू बोट सोडली, गॅरेज सोडलं, आणि एका माणसाबरोबर मधमाश्या पाळायचं ठरवलं होतं ते तर माश्या यायच्या आधीच सोडलं. (त्या माणसाला मधमाश्या चावल्या की आनंद व्हायचा. संधिवात जातो म्हणायचा. त्याच्याबद्दल कधीतरी लिहिलं पाहिजे.) ताई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. तिने हे वस्तादांसमोर एकदा म्हटलं आणि तेव्हापासून जिममध्ये माझं नाव भिंगरी पडलं. एकदा, फक्त एकदा, एखादी गोष्ट शेवटपर्यंत करून दाखवायची आहे. पलंगाखाली माझी बॅग अजून भरलेलीच असते. स्पर्धा झाली की ती रिकामी करेन असं ठरवलंय. हे ताईला सांगितलेलं नाही.

७ मार्च

वजन बंद म्हणजे जिमचं वजन. ताई-भावजींच्या लाँड्रीतली गाठोडी कुणी वजनात धरत नाही. आज हॉटेलच्या चादरी आल्या, ओल्याचिंब. गाठोडं उचलायचं, तिथल्या तिथे कमरेतून वळायचं आणि हातगाडीवर फेकायचं. पूर्वी एक मी फेकायचो, एक भावजी. गेला महिनाभर भावजी नुसते गाडीपाशी उभे राहतात. "मी मोजतो, तू टाक." मोजायचं काय त्यात? एक, दोन, तीन, एवढं मलाही येतं.

आणि वर टोमणे. "लोक कंबर कसून कामाला लागतात. आमच्या मेहुण्याने कामाला लागायच्या आधीच कंबर सोडली." असं म्हणून भावजी टेबलाला धरून, एखाद्या न्यायाधीशासारखे हळूहळू खुर्चीत बसले. माणसाला सत्ता मिळाली की तो बसायलाही वेळ लावतो.

सगळी कामं माझ्या गळ्यात पडतायत. कुठेतरी पाणी मुरतंय.

सकाळी कंबर: जास्त आखडलेली. कारण कळत नाही.

८ मार्च

आज जिममध्ये गेलो, छाती पुढे काढून, एकदम ताठ. दारातच वस्ताद म्हणाले, "कधीपासून दुखतंय?"

म्हणजे कुणीतरी सांगितलंच.

मी म्हटलं, "कुणाला? मला? छे."

"बरं. मग आजपासून डेडलिफ्ट बंद. ही घे." आणि माझ्या हातात काय दिलं? झाडूची काठी! झाडूसुद्धा नाही, नुसती काठी. ती पाठीवर उभी धरायची. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन जागी टेकवायची आणि ती हलू न देता पार्श्वभाग मागे ढकलत पुढे वाकायचं. आरशासमोर. टपाल बाजूला शंभर किलो उचलतोय आणि मी काठी घेऊन आरशाला नमस्कार घालतोय.

वस्तादांबद्दल लिहिलं पाहिजे, कारण मला त्यांच्याबद्दल आता शंका यायला लागली आहे. माणूस आडवा, छाती दरवाजाएवढी, चाल अशी की आतून लोखंडी कांब घातली आहे. पण मी त्यांना एकदाही काही उचलताना पाहिलेलं नाही. भिंतीवर एक जुना फोटो आहे. त्यातला माणूस डोक्यावर बार धरून उभा आहे, पण चेहऱ्यावर ऊन पडून पांढरा झालाय. तो कोणीही असू शकतो. बोटीवर आमच्या स्वयंपाक्याचं असंच होतं. पोहण्यातला विजेता म्हणून सहा बंदरांत त्याने फुशारक्या मारल्या. एक दिवस धक्क्यावरून पाण्यात पडला आणि दोघांनी उड्या मारून बाहेर काढला. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय, बोलण्यावर जायचं नाही.

आणि किल्ल्या. आज त्यांच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा पडला. म्हणाले, "भिंगरी, किल्ल्या पडल्या." उचलून दिल्या. घेतल्या, आणि दोन मिनिटांत पुन्हा टाकल्या. होय, टाकल्या. मी बोटं उघडताना पाहिली.

"भिंगरी, किल्ल्या."

वाकलो.

"असं नाही. गुडघे कुठे आहेत तुझे? घरी ठेवून आलास? पुन्हा."

आठ-दहा वेळा मी त्या माणसाच्या पायाशी किल्ल्या उचलत होतो. मी नोकर आहे का? टपाल बघून गालातल्या गालात हसत होता.

११ मार्च

नवीनच प्रकार. काल जिमहून आलो तर माझ्या अंथरुणावर, कंबर जिथे येते बरोबर तिथे, इस्त्रीचा गरम टॉवेल घडी करून ठेवलेला. ताईला विचारलं. म्हणाली, "चुकून राहिला असेल." इस्त्रीचं दुकान पुढे, माझी खोली मागे, मधे दोन दारं. टॉवेल काय चालत आला?

झोपलो त्यावर. वाया कशाला घालवायचा.

आज दुपारी त्याहून मोठी गोष्ट. कोळशाच्या जुन्या इस्त्र्या माळ्यावर ठेवून उतरत होतो, तर काउंटरवर वस्ताद. दोन शर्ट घेऊन आलेले. जिममध्ये जन्मभर बनियनमध्ये वावरणाऱ्या माणसाला इस्त्रीचे शर्ट कशाला? ताईशी हळू आवाजात चाललं होतं. मला एवढंच ऐकू आलं:

"गाठोडी केवढी असतात?"

ताईने हात पसरून दाखवलं.

"आणि फेकताना वळतो?"

"मग कसं फेकणार?"

"त्याला सांगू नका. उगीच डोक्यात घेईल. तुम्हीच करा काहीतरी." मग, "आणि यजमानांचं कसं आहे?"

"ते कबूल करतील तर ना," ताई म्हणाली.

मला सांगू नका! मी शिडीवरच उभा राहिलो. काय कबूल? माझ्याविरुद्ध भावजींनी काय केलंय जे ते कबूल करत नाहीत? आणि वस्तादांना ते कसं ठाऊक?

१२ मार्च

आजपासून गाठोडी अर्धी झाली. ताई म्हणते, मोठ्या चादरी मिळत नाहीत बांधायला. हातगाडीही तिने फिरवून माझ्या समोरासमोर लावली. आता वळावं लागत नाही. म्हणजे मला लहान पोरासारखी लहान गाठोडी! माझ्या ताकदीवर भरवसा राहिलेला नाही, हे सरळ बोलायची हिंमत नाही कुणात.

भावजी मात्र खूश. म्हणाले, "एवढंसं गाठोडं मीही टाकतो." आणि खरंच टाकू लागले. महिनाभर कुठे होता हा उत्साह?

१५ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी मला जमिनीवरचा पेन उचलायला सांगितला. मी वाकलो, पेन दिला. म्हणाल्या, "वा, गुडघे वापरलेस. कमरेतून गोल नाही झालास. कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "कुणी नाही." मग त्यांनी जे सांगितलं ते शब्दन् शब्द वस्तादांचं: पार्श्वभाग मागे, छाती पुढे, वजन अंगाजवळ. दोन माणसं, जी म्हणे एकमेकांना ओळखत नाहीत, तंतोतंत तेच बोलतात. याचा अर्थ एकच, दोघं आतून मिळालेले आहेत.

वही मागितली. मी म्हटलं, घरी राहिली. ती माझ्या पिशवीतून अर्धी बाहेर डोकावत होती. बाई पिशवीकडे बघत म्हणाल्या, "बरं, पुढच्या वेळी." यांचा काही भरवसा नाही. एका कागदावर वेगळी, चांगली चांगली वही लिहून काढली पाहिजे.

सकाळी कंबर: दात घासून होईपर्यंत सुटली. मुळात माझं रक्तच चांगलं आहे.

१८ मार्च

वस्तादांची परीक्षा घेतली. त्यांच्या वाटेत, बरोबर मधोमध, माझा कंगवा टाकला. कुणीही उचलून विचारेल, कुणाचा रे? ते आले, थांबले, कंगव्याकडे बघितलं आणि वळसा घालून गेले. मग टॉवेल टाकला. तो पायाच्या बोटांत धरून, पाय मागे वाकवून त्यांनी हातात घेतला, सर्कशीतल्यासारखा. चपलाही बिनपट्ट्याच्या. बुटाची नाडी बांधताना कुणी पाहिलंय त्यांना? मी नाही. प्लेटा लावायच्या असल्या की, "टपाल, लाव." खाली काही पडलं की, "भिंगरी, उचल."

आता सगळा उलगडा झाला. या माणसाने आयुष्यात कधी वजन उचललेलं नाही. फोटो दुसऱ्या कुणाचा. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि लोकांना काठ्या वाटायच्या. आणि अशा माणसाने ठरवायचं, स्पर्धेला कोण जाणार?

उद्यापासून पाळत ठेवायची. म्हणजे आजही ठेवली असती, पण जिमच्या मागच्या गल्लीत एकजण सायकलचं चाक डोळे मिटून, नुसत्या आवाजावर सरळ करत होता. ते बघण्यात संध्याकाळ गेली.

२२ मार्च

आज निवड होती. सगळं जसं झालं तसं लिहितो.

कंबर चार दिवस अजिबात आखडलेली नाही. मी तयार होतो. सगळे जमले, दहा-बाराजण. वस्ताद म्हणाले, "या वेळी टपाल जाईल." बस. मला उचलायलाही सांगितलं नाही.

मी विचारलं, "का?"

"तुझी कंबर सुटली आहे. तयार झालेली नाही. सहा महिने थांब, पुढच्या वेळी तू."

सहा महिने! सहा महिने मी कुठे थांबलोय? एकदम सगळं डोक्यात चढलं. काठी, किल्ल्या, कंगवा. मी म्हटलं, "वस्ताद, आम्ही तुमचं सगळं ऐकतो. पण तुम्हाला उचलताना आम्ही कधी पाहिलंच नाही. एकदा दाखवा की."

कुणीतरी म्हणालं, "ए, गप." टपाल म्हणाला, "भिंगरी, राहू दे, चल बाहेर." पण मला आता कुणी थांबवणार नव्हतं. मी म्हटलं, "का? भिंतीवरचा फोटो तुमचाच आहे ना?"

वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, हे मला तेव्हाही खटकलं. म्हणाले, "प्लेटा काढा. मोकळा बार ठेवा."

मोकळा बार! मी मोठ्याने हसलो. मी एकटाच हसलो.

ते बारापाशी आले. पाय रोवले. श्वास घेतला. पार्श्वभाग मागे गेला, पाठ टेबलासारखी सपाट, आणि हात सरळ बारावर. बार नडग्यांना घासत वर आला, एका रेषेत. ताठ उभे राहिले. खरं सांगतो, इतकं स्वच्छ मी कुणाला करताना पाहिलेलं नाही.

पण बार मोकळाच. आणि उभे राहिले ते उभेच. खाली ठेवेनात. समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. कपाळावरून घामाचा एक ओघळ भुवईपाशी आला, तो त्यांनी पुसलाही नाही. मग टपाल पुढे झाला, "द्या वस्ताद," म्हणाला, आणि त्यांच्या हातातून बार काढून घेऊन खाली ठेवला. मालकाच्या हातातली पिशवी नोकर घेतो तसा. वस्ताद म्हणाले, "असं." आणि भिंतीला हात लावत लावत बाहेर गेले. किल्ल्या खिशातून पडल्या, त्यांनी वळून पाहिलं नाही.

तर झालं, सोंग उघडं पडलं. मोकळा बार उचलणारा वस्ताद. मी जिंकलो.

कुणी माझ्याशी बोलत नाहीये.

२३ मार्च

झोप लागली नाही. एक गोष्ट डोक्यात घुमतेय. ते बार उचलू शकत होते. मग खाली ठेवायला काय झालं होतं?

२४ मार्च

ताईला काही न सांगता निघायचं ठरवलं. पलंगाखालची बॅग ओढली. ती उचलायला खाली गेलो, आणि उचलता उचलता लक्षात आलं की मी गुडघे वाकवलेत, पार्श्वभाग मागे आहे, छाती पुढे, बॅग अंगाला चिकटलेली. कुणी बघत नव्हतं, कुणी "पुन्हा" म्हणणार नव्हतं, तरी. बॅग हातात घेऊन मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि मग ती, तशीच, वाकून, पुन्हा खाली ठेवली.

खाली ठेवतानाही वाकावंच लागतं.

जिमवर गेलो. कुलूप होतं. टपाल पायरीवर बसला होता, खांद्याला टपालाची पिशवी, हातात त्या किल्ल्या.

"वस्ताद?"

"घरी. परवापासून आडवे आहेत."

"त्यांची कंबर..."

"तुला माहीत नव्हतं?" टपालने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पत्त्यावर न सापडलेलं पाकीट आहे. "अरे, सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही एवढंच. त्यांना आवडत नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मलाही नाही सांगितलं. रोज समोर असतो माणूस. दिसतं की." मग किल्ल्या खुळखुळवत म्हणाला, "मी पिशवी घेऊन वाकडा झालो होतो ना, तेव्हा माझ्यासमोर दोन महिने टाकत होते ह्या. मला वाटायचं, म्हातारा माज करतोय. तुझ्यासमोर टाकल्या तेव्हा हसू आलं ते त्याचं."

मी म्हटलं, "पण मग त्या ते उचलू शकत नाहीत म्हणून टाकायचे, की शिकवायला टाकायचे?"

टपालने विचार केला. "पडायच्याही आणि टाकायचेही. पडल्या काय, टाकल्या काय, उचलायच्या आपणच. मग काय फरक पडतो?"

२५ मार्च

वस्तादांच्या घरी गेलो. एक खोली, खिडकीशी पाण्याचा माठ, दाराला कडी नाही. जमिनीवर उताणे पडलेले, पोटऱ्या खुर्चीवर. छातीवर वर्तमानपत्र.

"कोण? भिंगरी? ये. बस. मी उठत नाही."

मी बसलो नाही. काय बोलायचं ते वाटेवर तीनदा जुळवलं होतं, सगळं विसरलो. म्हणालो, "माठ खिडकीत ठेवलाय, ऊन लागत नाही का?"

"संध्याकाळी टपाल हलवतो."

मी माठ हलवला. नीट, अंगाजवळ धरून. ते पडल्या पडल्या बघत होते. मग विचारलं, "फोटो तुमचाच आहे ना?"

"माझाच. चेहरा गेला त्यातला, बरं झालं. फार मिजास होती. त्याच्या पुढच्याच स्पर्धेला आठवडा राहिला होता. मोजा घालता येईना. मी पडून घालायचो, कुणाला दिसू नये म्हणून दाराला खुर्ची लावून."

मी मोज्याबद्दल इथे कुणाशीही बोललेलो नाही. ताई!

पण या वेळी मला राग आला नाही.

"तुम्हाला तेव्हा कुणी थांबवलं नाही?"

"थांबवलं की. माझ्या वस्तादांनी. मला वाटलं, त्यांना दुसऱ्याला पाठवायचंय. उचललं मी. पायात मुंग्या आल्या त्या दिवशी, त्या अजून आहेत." हे ते अशा आवाजात बोलले की जणू पाऊस किती पडला ते सांगतायत. "आता एकदा वाकता येतं, पण दुसऱ्यांदा परतीचं तिकीट मिळत नाही."

मी म्हटलं, "परवा मी..."

"फॉर्म कसा होता माझा?"

"एक नंबर."

"मग झालं तर. तुला दाखवायचंच होतं कधीतरी." त्यांनी हात लांब करून खुर्चीजवळ चाचपडलं. "टपालने किल्ल्या आणून इथे ठेवल्या होत्या. पडल्या वाटतं."

खुर्चीच्या पायाशी पडल्या होत्या. टाकल्या की पडल्या, मी पाहिलं नाही. मी उचलल्या. हातात देऊ लागलो तर त्यांनी हात मागे घेतला.

"राहू देत तुझ्याकडे. सकाळी उघड. टपालला बटवडा असतो."

३० मार्च

स्पर्धा. टपाल चौथा आला. मी प्लेटा लावत होतो आणि त्याच्या हाताला पावडर देत होतो. त्याच्या शेवटच्या वजनाला माझाच श्वास अडकला. एका कोपऱ्यात वस्ताद भिंतीला टेकून उभे होते. बसले नाहीत. बसले तर उठायला कुणीतरी लागेल आणि ते लोकांना दिसेल, म्हणून. आता मला सगळं दिसतं, हीच पंचाईत झाली आहे.

बॅग रिकामी केली. तळाशी बोटीवरची टोपी सापडली.

३ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना वही दाखवली. खरीच. बराच वेळ वाचत होत्या. मधेच हसल्या, मधेच थांबल्या. शेवटी विचारलं, "तुझे भावजी महिनाभर गाडीपाशी नुसते उभे का राहायचे?"

मी म्हटलं, "आळस."

"आणि टेबलाला धरून बसायचे?"

"रुबाब."

बाईंनी वही मिटून परत दिली. "पुन्हा एकदा वाच. पहिल्यापासून."

४ एप्रिल

वाचली.

सकाळी जिम उघडून काठी पुसत होतो, तर दारात भावजी. इकडे तिकडे बघत, एक हात मागे, कमरेवर.

मी विचारलं, "काय भावजी, इकडे कुठे?"

"काही नाही. चाललो होतो इथून. म्हटलं, बघू तरी, मेहुणा काय दिवे लावतोय." आत आले, बाकाच्या कडेला धरून, हळूहळू, न्यायाधीशासारखे बसले. "मला काही झालेलं नाहीये. तुझ्या ताईच्या डोक्यात काहीतरी आहे."

"बरं," मी म्हटलं.

चहा मागवला. चहा संपून ते उठून उभे राहिले, तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन मूठ उघडली. किल्ल्यांचा जुडगा खळ्ळकन त्यांच्या पायाशी पडला.

"भावजी, किल्ल्या पडल्या."

त्यांनी किल्ल्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग डोळे बारीक केले.

"पडल्या नाहीत. टाकल्यास तू. मी पाहिलं."

"उचला की."

"मी काय तुझा नोकर आहे?" भावजी म्हणाले. "काय चाललंय तुझ्या मनात, खरं सांग."